बाबा, ती कलौंजीच्या तेलाची बाटली

आई, बाबा,

काल व्हिडिओ कॉलवर गॅसमागच्या खिडकीत ती काळी बाटली दिसली आणि आईने पटकन फोन फिरवला, तेव्हाच मला शंका आली. मग तिनेच सांगून टाकलं की मंगळवारी नेहरू पार्कातून येताना बाबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरले, मशीनवर शुगर 62 इतकी खाली, आणि दोन पेढे खाल्ल्यावर बरं वाटलं. बाबा, ही काय "जरा चक्कर" नाही हो.

तेल वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. कलौंजीत थायमोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, शुगर आणि बीपी त्याने थोडं उतरतं असं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलंय, 2010 च्या एकात तर डायबेटीसच्या गोळ्या चालू असलेल्यांना रोज 2 ग्रॅम बी दिली होती आणि त्यांची उपाशीपोटीची शुगर खरंच कमी आली. पण लफडं तिथेच आहे ना! तुमची ग्लिमेपिराइड आधीच शुगर खाली ओढते, बीपीची गोळी वेगळी, त्यावर उपाशीपोटी दोन चमचे तेल, आणि नाश्ता करणार साडेदहाला (तोही पोहे-जलेबी, मला सगळं कळतं). वॉकवाले काका म्हणतात मरण सोडून सगळ्यावर औषध, म्हणू देत, गोळ्या त्यांना नाहीयेत.

आणि पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन. या तेलाने रक्त गोठायला वेळ लागू शकतो, म्हणून दोन आठवडे आधी तरी बंद करायला सांगतात. तुम्ही आजपासूनच बंद करा आणि डॉक्टरांना बाटली दाखवा, "घरगुती आहे" म्हणून लपवू नका. गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी करायची नाही.

आई, तू गुडघ्याला चोळतेस ते चालू दे, पण आधी मनगटावर थेंब लावून बघ, काहींना पुरळ येतं. आणि सियागंजमधून कलौंजी आणशील तेव्हा चव घेऊन आण, मागच्या वेळी कारळे आणले होतेस आणि बाबांनी महिनाभर चटणीच औषध म्हणून खाल्ली. काळीजिरी तर कडू जहर, ती निराळीच. लोणच्यात, पुरीत कलौंजी घाल की, तेवढ्याने काही होत नाही.

शुक्रवारी अवंतिका एक्सप्रेसने निघतेय. बाबा, शुगरची वही भरून ठेवा, मंगळवारचा 62 पण लिहा, खोडू नका.

तुमची,
छोटी