माहिती अर्जाचा, झेरॉक्सचा आणि वकिलाचा खर्च वाचकांनी उचलावा : शोधबातमी निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या तालुक्यातल्या बहुतेक बातमीदारांना पगार नाही, हे वाचकांना सहसा ठाऊक नसतं. त्यांना मिळतं ते जाहिरातींवरचं कमिशन. दिवाळी, वर्धापनदिन, पुढाऱ्यांचे वाढदिवस अशा पुरवण्यांसाठी ते दारोदार फिरतात, आणि गावाकडे जाहिरात देऊ शकणारे मोजकेच : ठेकेदार, पुढारी, जमिनीचे व्यवहार करणारे. ज्यांच्या जाहिरातीवर घर चालतं त्यांच्याच कामातला घोटाळा काढायचा, हे एका माणसाला किती काळ जमेल? म्हणून तालुका पत्रकार संघाने शोधबातमीसाठी वेगळा निधी उभारायचं ठरवलं आहे. तो वाचकांच्या पैशातूनच उभा राहावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

पैसा लागतो कशाला, ते सांगतो. एखाद्या नळपाणी योजनेत काहीतरी काळंबेरं आहे, असं गावात कुजबुजतात. ते छापता येत नाही. आधी माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. मग अंदाजपत्रकाला एक अर्ज, मोजमाप पुस्तिकेला (एमबी, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापांची सरकारी नोंदवही) दुसरा, बिलांना तिसरा. ३० दिवस थांबायचं. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्यानंतर माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाची तारीख लागेपर्यंत ठेकेदाराचं शेवटचं बिलसुद्धा निघून गेलेलं असतं. कागद मिळाले तर पानाला २ रुपये. योजनेची फाइल जाडजूड असते आणि बातमीदाराच्या खिशात त्या दिवशी पेट्रोलचेच पैसे असतात.

मागे एका वाडीच्या योजनेच्या एमबीची प्रत अशीच खेटे घालून हाती आली. पाइप ९० सेंटिमीटर खोल गाडल्याची नोंद होती, खाली शाखा अभियंत्याची सही. आमचा सहकारी गावकऱ्यांना घेऊन जागेवर गेला. कुदळीचे चार घाव घातले तर वीतभर मातीखाली काळा पाइप उघडा पडला. टेप धरून फोटो काढले, ठिकाण आणि वेळ लिहून गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या. थोडं पुढे पुन्हा खणलं, तिथेही तेच. रात्री कागद चाळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली : त्याच लांबीचं मोजमाप पुढच्या एका पानावर दुसऱ्यांदा धरलं होतं. म्हणजे एका चराचे दोनदा पैसे.

बातमी आली. चौकशी सोपवली गेली ती त्याच कार्यालयाकडे. काही दिवसांनी मूळ मोजमाप पुस्तिका 'शोध घेऊनही आढळून येत नाही' असं लेखी उत्तर आलं, आणि सहकाऱ्याच्या घरी ठेकेदाराच्या वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून गावाचं नाव देत नाही. त्या वाडीत यंदाच्या मे महिन्यातही टँकरच आला.

'फाइल सापडत नाही' या उत्तराने हात टेकायची गरज नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे सरकारी दस्तऐवज बेकायदा नष्ट करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकहितासाठी केलेलं खरं विधान बदनामी ठरत नाही, हेही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. कायदा बातमीदाराच्या बाजूने आहे. पण ते कोर्टात सिद्ध होईपर्यंत तारखा पडत राहतात, प्रत्येक तारखेला वकिलाची फी आणि बुडालेला दिवस. नोटीस पाठवणाऱ्याला खटला जिंकायचाच असतो असं नाही. बातमीदाराने पुढची बातमी लिहू नये, एवढंच त्याला हवं असतं.

मोठ्या वर्तमानपत्राची गोष्ट वेगळी. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा वृत्तांत आला. बिल्डरांनी मुख्यमंत्री अंतुले यांच्याशी संबंधित न्यासांना देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळायचा, हे त्यात कागदपत्रांनिशी मांडलं होतं. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होतं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं. शौरी यांच्या पाठीशी रामनाथ गोएंका यांच्यासारखा खमका मालक होता.

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्यामागे असं बळ नव्हतं. 'महानगरी टाइम्स'मध्ये ते राजापूर भागातल्या प्रस्तावित रिफायनरीच्या (तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या) विषयावर सातत्याने लिहीत. ६ फेब्रुवारी २०२३ च्या अंकात त्यांची बातमी आली, आणि त्याच दुपारी राजापूरजवळ पेट्रोल पंपापाशी त्यांच्या दुचाकीला गाडीने धडक देऊन फरपटत नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी बातमी होती तोच गाडी चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. सुरुवातीला नोंद झाली ती सदोष मनुष्यवधाची. राज्यभरातले पत्रकार रस्त्यावर उतरले तेव्हा खुनाचं कलम लागलं. पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधातला कायदा विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला होता. कायदा पुस्तकात राहतो, बातमीदार रस्त्यावर एकटा असतो. ते एकटेपण आम्हाला कमी करायचं आहे.

निधीतून चारच खर्च होतील : माहिती अर्ज आणि प्रती, जागेवर जाण्याचा प्रवास, वकिलाची फी आणि बातमीदारांचा अपघात विमा. कुणालाही मानधन नाही, संघाच्या पदाधिकाऱ्यांना तर नाहीच. सरकारी कामाचे ठेकेदार, लोकप्रतिनिधी, निवडणुकीतले उमेदवार आणि राजकीय पक्ष यांच्याकडून एक रुपयाही घेणार नाही. देणगीदाराने अमुक बातमी करा किंवा अमुक थांबवा असं सांगितलं, तर पैसे परत. एका व्यक्तीकडून वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, हेही ठरलं आहे, कारण निधीवर कुणा एकाचा वरचष्मा नको. १०० रुपये देणारी माणसं आम्हाला जास्त हवी आहेत. दर तीन महिन्यांनी जमाखर्च सार्वजनिक वाचनालयाच्या फलकावर लागेल, पावत्यांसकट.

पैशाइतकीच माणसांचीही गरज आहे. निवृत्त अभियंत्यांनो, एमबीतली मेख तुम्हाला पाच मिनिटांत दिसते, आम्हाला आठवडा लागतो. महिन्यातून एक संध्याकाळ आम्हाला द्या. फेरफार आणि सातबारा वाचता येणारे निवृत्त तलाठी, तारखेला उभे राहतील असे वकील, हिशेब तपासणारे सीए, सगळे हवेत. गावकऱ्यांनो, बातमीदार जागेवर पाहणीला आला तर त्याच्यासोबत चालत जा आणि सही करायला कचरू नका.

मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांना खास सांगणं. गावच्या देवळाला, शाळेच्या छपराला तुम्ही आजवर हात आखडता घेतला नाहीत. गणपतीला येताना रस्त्याचे खड्डे मोजत येता आणि जाताना सगळ्यांना शिव्या घालत जाता. त्या रस्त्याची फाइल कुणीतरी मागवली पाहिजे, त्या अर्जाचा खर्च तुम्ही उचला.

देणगी चेकने किंवा यूपीआयने द्यावी, रोख स्वीकारली जाणार नाही. आयकरातली ८०जीची सवलत या निधीला नाही. पावती संघाच्या कार्यालयात, दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत मिळेल. बाहेरगावच्या देणगीदारांना पोस्टाने पाठवू. माहिती देणाऱ्यांनीही याच वेळेत यावं, शक्यतो कागद घेऊन. त्यांचं नाव बाहेर जाणार नाही.

आपले,
अध्यक्ष, कार्यवाह व सर्व सभासद
तालुका पत्रकार संघ