चारा आत्ता हवा आहे, उन्हाळ्यात नव्हे

नमस्कार.

आभाळ निळंभोर, सकाळी गारवा, दुपारी लख्ख ऊन. पाहुण्याला हा शरद ऋतू छानच वाटेल. पण जरा विहिरीवर या. पोहऱ्याचा दोर महिन्याभरात दोनदा जोड देऊन लांबवावा लागलाय. एक जोड जुन्या सुंभाचा, दुसरा निळ्या नायलॉनचा. पाणी किती खाली गेलं हे कळायला आम्हाला दुसरं काही लागत नाही.

मोसमाच्या अखेरचा पाऊस आलाच नाही. सुरुवातीच्या सरी तापलेली जमीन आणि वाढती पिकंच पिऊन टाकतात; खाली झिरपतं ते त्यानंतरचं. आता दोन सरी आल्याच, तरी वरची चार बोटं माती भिजेल, झऱ्यापर्यंत काही पोचायचं नाही.

पिकाचं व्हायचं ते झालं. आता प्रश्न दावणीचा आहे. वैरण संपली की माणूस जनावर बाजारात नेतो. सगळेच नेतात, म्हणून मिळेल त्या भावात देऊन रिकाम्या हातानं परततो. पुढच्या वर्षी पाऊस झाला तरी तेवढ्या पैशात तसं जनावर परत येत नाही. मदत मात्र येते ती उन्हाळ्यात, टँकरपुढच्या रांगांचे फोटो फिरायला लागल्यावर. मागच्या टंचाईत आमच्या समितीनंही आवाहन करायला उशीरच केला होता. तेव्हा गंजी रचली, पण खायला जनावरं निम्मीच उरली होती.

म्हणून या वेळी आधीच हात पसरतो आहोत. ४०० किलो वजनाच्या जनावराला दिवसाला १० ते १२ किलो वाळला चारा लागतो. म्हणजे एक टन चारा दिलात, तर एक जनावर साधारण तीन महिने दावणीला टिकतं. टन जमत नसेल तर चार पेंढ्या द्या, आनंदच आहे. बुरशी धरलेला चारा मात्र नको. आणि पाण्याअभावी खुरटलेली हिरवी ज्वारी कुणी कृपा करून देऊ नये, स्वतःच्या गोठ्यातही घालू नये. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल वाढलेलं असतं, जनावर तासाभरातही दगावू शकतं.

चाऱ्याखेरीज पाण्याच्या टाक्या हव्यात, उसन्या चालतील. दुभत्या गाईला दिवसाला ६०-७० लिटर पाणी सहज लागतं. तेवढं डोक्यावरून आणणं म्हाताऱ्या माणसांच्यानं होत नाही. ट्रॅक्टर किंवा टेम्पो असलेल्यांनी आठवड्याची एक फेरी दिली तरी पुष्कळ. रोख रक्कम देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. जमाखर्च दर आठवड्याला फलकावर लागेल.

आणखी एक विनंती, हिला पैसे पडत नाहीत. पानगळ लवकर सुरू झाली आहे आणि पाचोळा कडकडीत वाळलाय. तो पेटवू नका, झाडांच्या बुंध्याशी पसरा. एका ठिणगीत अख्खी गंजी जाईल.

चारा रोज सकाळी समितीच्या आवारात उतरवून घेतला जाईल. पोत्यांवर नाव घाला, रिकामी झाली की परत मिळतील.