इवो जिमावरचा रब्बी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. लष्करात धर्मगुरू कशाला लागतो, असं विचारून वर ‘पूजा सांगून पगार’ अशी मल्लिनाथीही केलीस! अरे, आपल्या पलटणींतही पंडित, ग्रंथी, मौलवी असतात. पण तुला आज रोलंड गिटेलसोन यांच्याबद्दल सांगतो.

हे न्यूयॉर्कजवळचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. आधी पक्के शांततावादी. पुढे मत बदललं आणि नौदलात धर्मगुरू म्हणून गेले. फेब्रुवारी 1945 मध्ये दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या) सैनिकांच्या पाचव्या डिव्हिजनबरोबर ते जपानच्या इवो जिमा बेटावर होते. धर्मगुरूच्या हाती शस्त्र नसतं. जखमींजवळ बसायचं, मेलेल्यांना मूठमाती द्यायची. समोरचा ज्यू की ख्रिस्ती, ते बघायचं नाही. त्या एवढ्याशा बेटावर अमेरिकेचे सहा हजारांहून जास्त सैनिक गेले.

मार्चमध्ये डिव्हिजनच्या दफनभूमीचं समर्पण ठरलं. मुख्य धर्मगुरू वॉरन कथ्रिल हे बाप्टिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका पंथाचे. सगळ्यांचा मिळून एकच विधी करू आणि प्रवचन गिटेलसोन देतील, असं त्यांनी ठरवलं. बहुतेक थडगी ख्रिस्ती पोरांची आणि बोलणार ज्यू! काही प्रोटेस्टंट धर्मगुरू बिथरले. कॅथलिकांना तर एकत्र प्रार्थनाच नको होती. कथ्रिल मागे हटेनात. शेवटी त्यांची कोंडी नको म्हणून गिटेलसोनच बाजूला झाले. ज्यांनी एकाच खंदकात जीव दिला, त्यांच्यासाठी तीन वेगळे विधी! मला तर हे वाचताना संताप आला.

तयार केलेलं प्रवचन गिटेलसोननी आपल्या मूठभर ज्यू सैनिकांपुढे वाचलं. इथे गोरे-काळे, गरीब-श्रीमंत, अधिकारी-शिपाई शेजारी-शेजारी झोपलेत. इथे कुणी कुणाचा धर्म पाहून त्याला जवळ करत नाही की रंग पाहून हिणवत नाही, असा त्याचा आशय. आणि गंमत बघ, तीन प्रोटेस्टंट धर्मगुरू स्वतःच्या पंथाचा विधी सोडून तिथे येऊन बसले होते. त्यांच्यातल्याच एकाने प्रत मागून नेली आणि गिटेलसोनना न सांगता तिच्या हजारो प्रती वाटल्या. सैनिकांनी त्या पत्रांतून घरी धाडल्या, ‘टाइम’ साप्ताहिकाने मजकूर छापला, अमेरिकी संसदेच्या कामकाजातही तो नोंदला गेला. विरोध झाला नसता तर हे प्रवचन कुणाच्या कानावर तरी गेलं असतं का, असं पुढे गिटेलसोननीच लिहिलं. मला मात्र त्यांच्याइतकेच कथ्रिल आणि ते तिघे मोठे वाटतात. आपल्याच लोकांचा रोष पत्करणं सोपं नसतं, हे तू सोसायटीचा सेक्रेटरी असताना अनुभवलंच आहेस.

प्रवचन लहानसंच आहे. दिवाळीत आलास की बसून वाचू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश