टँकरचं पाणी कुठल्या हिशोबात धरता?

माननीय संपादक,

सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या बातम्या तुमच्या पेपरात येतात, त्यात एकच आकडा असतो, अमुक एमएलडीचा (म्हणजे दिवसाला अमुक दशलक्ष लिटरचा) प्लांट. तो आकडा आला कुठून हे कोणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मी घोडबंदर रोडला राहतो, सोसायटीच्या कमिटीत आहे आणि दुसरं कोणी घेईना म्हणून आमचा एसटीपी, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, माझ्या गळ्यात पडलाय. बिल्डरने सरळ हिशोब केला होता, फ्लॅट गुणिले पाच माणसं गुणिले दिवसाला 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के गटारात. गणित चुकीचं नाही, केंद्र सरकारच्या सांडपाण्यावरच्या 2013 च्या मॅन्युअलमध्येही साधारण असंच आहे. पण पहिली तीन वर्षं निम्मे फ्लॅट बंद, प्लांटमध्ये घाण खाणाऱ्या जंतूंना खायलाच नाही, गाळ काही धरेना. आता त्याच बिल्डिंगमध्ये टू बीएचकेत सहा-सहा पोरं भाड्याने राहतात आणि टाकी उतू जाते.

एका सोमवारी पहाटे सहाला ऑपरेटरसोबत जाऊन बसलो, दर अर्ध्या तासाने टाकीच्या भिंतीवर खडूने रेघ मारत. सहाला पाणी निम्म्याच्याही खाली, पावणेआठला काठाशी, आणि अकरानंतर इतकं कमी की जंतूंना हवा देणारा ब्लोअर नुसता वीज खातोय. दिवसाची सरासरी काढली तर प्लांट पुरतो हो! फक्त सकाळचे दोन तास पुरत नाही. (रविवारी हाच लोंढा दहाला येतो आणि त्यात मटणाचं तेल असतं, ते वेगळंच.) मॅन्युअलमध्ये 20 हजारांपर्यंतच्या वस्तीला सरासरीच्या तिप्पट आणि साडेसात लाखांच्या वर दुप्पट पीक फ्लो (सगळ्यात मोठा लोंढा) धरायला सांगितलंय ते उगाच नाही.

आता शहराचं बघा. ठाण्याची लोकसंख्या 1991 ला साधारण 8 लाख, 2001 ला 12.6 लाख, 2011 ला 18.4 लाख, आणि 2021 ची जनगणना तर हुकलीच. दर दहा वर्षांनी सारखीच भर पडते असं धरलं तर 2031 ला जवळपास 29 लाख येतात, त्याच टक्क्याने वाढ धरली तर 42 लाख. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. माणशी 108 लिटर सांडपाणी धरा, एकीकडे 310 एमएलडी, दुसरीकडे साडेचारशेच्या वर. जनगणना तीच, फक्त सूत्र बदललं तर एका मोठ्या केंद्राएवढा फरक पडतो, आणि कुठलं सूत्र घेतलं ते कधी छापूनच येत नाही. त्यात किसननगरला क्लस्टर (जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास), नौपाड्यात चार मजल्यांच्या जागी टॉवर, म्हणजे माणसं वाढणार ती त्याच जुन्या पाइपवर.

आणि नुसतं पाणी मोजून भागत नाही, घाण किती तेही बघावं लागतं. माणशी दिवसाला 27 ग्रॅम बीओडी (ही घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, घाणीचं मापच ते) धरतात, ती चाळीत राहा की टॉवरमध्ये, तेवढीच. 108 लिटरमध्ये कालवली तर लिटरला 250 मिलिग्रॅम, पण जिथे बादलीवर अंघोळ आणि जेमतेम 60 लिटर गटारात जातं तिथे तीच 450 होते. टाकी पाण्यावर ठरते, हवा मात्र या घाणीवर, त्यामुळे एमएलडी बरोबर आला तरी ब्लोअर कमी पडू शकतो. पावसात उलटं, फुटक्या चेंबरमधून पाणी शिरतं आणि जंतूंना नुसतं पाणीच मिळतं.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो टँकर. पालिकेच्या पुरवठ्याच्या 80 टक्के असा हिशोब केला तर आमच्याकडे रोज येणारे टँकर आणि बोअरचं पाणी त्यात कुठे आलं? नळाचं नाही म्हणून ते गटारात जात नाही का? ते तर तसंच खाडीपर्यंत पोचतं, आणि ठाणे खाडी 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे.

पुढच्या वेळी टेंडरची बातमी करताना तुमच्या वार्ताहराने एवढंच विचारावं की लोकसंख्या कुठल्या वर्षाची धरली, कशी काढली, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात प्रत्यक्ष फ्लो किती दिवस मोजला आणि टँकर धरले का. आमच्या गेटवर टँकरच्या नोंदीची वही आहे, सिक्युरिटीवाला रोज लिहितो. हवी असेल तर पानांचे फोटो पाठवतो.

एक वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे पश्चिम