नंद्या, शेवटचं काय बदललं ते सांगतो

प्रिय नंद्या,

आठ महिने झाले. मोजलेत मी. तू फोन केला नाहीस म्हणून मी केला नाही, मी केला नाही म्हणून तू नाहीस. वैशू याला पोरखेळ म्हणते. तिचं बरोबर आहे, पण तिला तसं सांगितलेलं नाही.

तब्येत ठीक. शुगर काठावर आहे, डॉक्टर चालायला सांगतात, मी हो म्हणतो. पुढचं ऐक.

मी लॅपटॉप बंद पाडला. हसू नकोस. बरं, हस.

चिनूला दाखवायचं होतं की तिचा बाप एके काळी काय काय करायचा. म्हणून विंडोजशेजारी उबुंटू लिनक्स टाकायला बसलो. तुला विचारलं नाही, उघड आहे. खरं सांगायचं तर विचारायचंच नव्हतं. होस्टेलवर तू मला एकदाही कीबोर्डला हात लावू दिला नाहीस. विन्या मॅन्युअल वाचायचा, तू टाइप करायचास आणि मी सीडी धरून उभा. चार वर्षं सीडी धरली मी! या वेळी म्हटलं, आपण एकट्यानं करून दाखवू.

सी ड्राइव्ह आकसून ८० जीबी मोकळे केले, पेनड्राइव्ह तयार केला, इन्स्टॉलर चालू केला. त्यानं स्वच्छ सांगितलं की तुमची डिस्क आरएसटीवर, म्हणजे इंटेलच्या डिस्क चालवायच्या पद्धतीवर आहे, ते बंद करून या. मी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो आणि आरएसटीचं एएचसीआय, म्हणजे डिस्क चालवायची साधी पद्धत, केलं. एक ओळ, एक एंटर. हे करण्याआधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगून ठेवायचं असतं, म्हणजे ते उठता उठता नवा ड्रायव्हर उचलतं. मला हे आता माहीत आहे. तेव्हा इन्स्टॉलर बिटलॉकरबद्दलही, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाबद्दलही, काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, मी कुठे कधी बिटलॉकर लावलंय, आणि 'समथिंग एल्स' दाबून पुढे गेलो.

उबुंटू झकास चालू झालं. दहा मिनिटं मी या घरातला सगळ्यात हुशार माणूस होतो. मग ग्रबच्या, म्हणजे चालू होताना कुणाला उठवू असं विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीतून विंडोज निवडलं आणि निळा पडदा आला: रिकव्हरी की द्या. ४८ आकडे.

नंद्या, मी हे कुलूप लावलंच नव्हतं. नवा लॅपटॉप पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टचं अकाउंट टाकून चालू करतो ना, तेव्हाच ते गुपचूप लागलेलं असतं. मदरबोर्डवरची टीपीएम चिप रोज स्वतःच किल्ली फिरवते, त्यामुळे कुलूप आहे हेच कळत नाही. पण मशीन कुठल्या वाटेनं सुरू होतंय हेही ती बघत असते. वाट बदलली की किल्ली खिशात टाकून गप्प बसते.

इथं थांबायला हवं होतं. पण मी घाबरलो. वाटलं, उबुंटूच काढून टाकू, म्हणजे सगळं पूर्वीसारखं होईल. पेनड्राइव्हवरून उठलो आणि उबुंटूचं पार्टिशन उडवलं. रीस्टार्ट. काळा पडदा, वर एक इंग्रजी ओळ, खाली 'grub' एवढा चार अक्षरांचा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. म्हणजे आता दोन्ही गेले. कारण अगदी साधं. ग्रबचा एक तुकडा ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे मशीन उठताना बघतं त्या छोट्या कप्प्यात, राहतो आणि बाकीचा संसार उबुंटूच्या पार्टिशनमध्ये. मी संसार उडवला, तुकडा तसाच राहिला. मशीनच्या यादीत पहिलं नाव अजून त्याचंच. तो बिचारा उठला, घर शोधायला लागला, सापडेना, मग दारातच बसला.

मला काय आठवलं असेल सांग.

एलआय!

तुझी ती जुनी डिस्क, मासिकाबरोबर आलेली सीडी आणि पडद्यावर फक्त दोन अक्षरं, एल आणि आय. 'लिलो' म्हणजे त्या काळचं ग्रब. त्याची चारही अक्षरं उमटली तर गाडी निघाली. दोनच उमटली तर पहिल्या टप्प्यानं दुसरा टप्पा आणला खरा, पण तो चालला नाही. विन्यानं मॅन्युअलमधून हे मोठ्यांदा वाचून दाखवलं होतं. त्यानंतर होस्टेलवर अर्ध्यात बंद पडणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण एलआय म्हणायला लागलो. प्रेमपत्र लिहून न देणारा एलआय. जर्नल अर्धवट सोडणारा एलआय. ट्रेकला पहिल्या टेकडीवर बसकण मारणारा (मी) एलआय. पहाटे चारला लिलो नीट उमटलं तेव्हा तू नाचलास, आणि मी अजून सीडी धरूनच उभा होतो.

तर तसाच मी परवा रात्री काळ्या पडद्यापुढे बसलो होतो. लॅपटॉपचं मला काही नव्हतं. नवा घेता येतो, ऑफिसचं सगळं ऑफिसात आहे. पण सी ड्राइव्हवर विन्याचं फोल्डर आहे.

त्यात काय आहे ते तुला सांगायला नको. आणि दुसरी कॉपी कुठेच नाही, तेही नको. पेनड्राइव्हवरून उठून बघितलं तर पार्टिशन दिसत होतं, साइज दिसत होता, आणि आत शिरायचं म्हटलं की तेच ४८ आकडे. काचेपलीकडे ठेवल्यासारखं. रात्रीचे अडीच वाजले होते. मी एकटाच पुटपुटत होतो, "थांब रे, चालू झालंय का?" एकोणिसाव्या फाइलीच्या सुरुवातीला तो जसा म्हणतो ना, माइकवर टिचकी मारत, तसं. पुढे तू हसतोस त्यात. तुला माहीत नसेल. तू ऐकलंच नाहीयेस, कारण मी तुला दिलंच नाही.

जिन्यात तू फक्त कॉपी मागितली होतीस. मी म्हणालो, शेवटच्या वर्षात तू त्याला किती वेळा भेटलास? दोनदा, हे मला माहीत असताना विचारलं. तू काही न बोलता खाली गेलास, चप्पल उलटसुलट घालून, आणि मी वरून बघत राहिलो. ते फोल्डर मी सांभाळणार असं मला तेव्हा वाटत होतं. सांभाळलं बघ कसं!

तू असतास तर काय विचारलं असतंस? "शेवटचं काय बदललंस?" दर वेळी तोच प्रश्न आणि माझं दर वेळी तेच उत्तर, "काहीच नाही." या वेळी कागद घेतला आणि जे जे बदललं ते उलट्या क्रमानं लिहिलं. पार्टिशन उडवलं. त्याआधी उबुंटू टाकलं. त्याआधी आरएसटीचं एएचसीआय केलं. मग वरून एकेक घेतलं.

चालू करताना एफ१२ दाबून धरलं, यादी आली: उबुंटू, आणि त्याखाली विंडोज बूट मॅनेजर. नंद्या, तो तिथंच होता रे! ईएफआय पार्टिशनमध्ये दोघांच्या खोल्या वेगळ्या असतात. मी एकाचा संसार उडवला म्हणून दुसऱ्याची खोली गेली नव्हती. निवडलं. निळा पडदा, ४८ आकडे.

आता की. माझ्या अकाउंटवर दोन किल्ल्या निघाल्या, दोन्ही जुन्या लॅपटॉपच्या. पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळायला हवीत. जुळेनात. तास गेला तेव्हा लक्षात आलं की हा लॅपटॉप पहिल्यांदा वैशूनं उघडला होता. तिला पहाटे उठवलं. तिनं अर्ध्या झोपेत फोनवर स्वतःचं अकाउंट उघडलं, की होती, आणि ती म्हणाली, "म्हणजे लॅपटॉप माझा आहे तर." ते ती आता विसरणार नाही.

आकडे तिनं वाचले, मी लिहून घेतले, टाकले तर चूक. मग एक गंमत वाचलेली आठवली: सहा-सहाचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ नं भाग जातो. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सात गटांना गेला, पाचव्याला जाईना. पुन्हा बघितलं, माझ्या अक्षरातला ३ मीच ८ वाचला होता. माझं अक्षर कसं आहे ते तुला ठाऊकच आहे.

कुलूप उघडलं. विंडोज उठायला लागलं आणि पुन्हा निळा पडदा, आता 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. पण आता मी घाबरलो नाही. कागदावरची शेवटची ओळ उरली होती. बायोसमध्ये गेलो, एएचसीआयचं परत आरएसटी केलं. उठलं. डेस्कटॉपवर चिनूचा फोटो, घड्याळात पाच वीस.

आता हे वाचून तू म्हणशील, गाढवा, आधी आरएसटी परत लावून बूट मॅनेजर निवडला असतास तर टीपीएमला जुनी वाट दिसली असती आणि किल्ली बहुधा मागितलीच नसती. माहीत आहे. सकाळी दात घासताना कळलं. तू नाही म्हणालास तरी तुझ्या आवाजात ऐकू आलं.

काकूंचं ऑपरेशन झालं हे वैशूला वहिनींकडून कळलं. मी फोन करायला हवा होता, नाही केला. आता टाके निघाले असतील. सानूची अ‍ॅडमिशन झाली का? तिला म्हणावं काका विसरलेला नाही. तुझा तो साहेब गेला की अजून आहे? सगळं सविस्तर लिही, मी विचारतोय कमी म्हणून तू सांगू नकोस असं करू नकोस.

उबुंटू अजून टाकलेलं नाही. यादीत त्याचं नाव तेवढं उरलंय, विंडोजला वर आणून ठेवलं. तू आलास की टाकू. टाइप मी करणार. तू पेनड्राइव्ह धर.

या पत्राबरोबर एक ड्राइव्ह आहे. फक्त विन्याचं फोल्डर आहे, कुलूपबिलूप काही लावलेलं नाही. आल्या आल्या उघडून मोज, ६३ फाइल्स असायला हव्यात. कमी भरल्या तर लगेच फोन कर. बरोबर भरल्या तरी कर.

तुझा,
शिऱ्या