‘अप्रतिम’च्या पुढचं काही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतलं हॉटेलांवरचं सदर सांगली-मिरजेत आवडीनं वाचलं जातं. लेखक फिरतातही भरपूर. हरभट रोडवरच्या गाड्यापासून इस्लामपूरच्या ढाब्यापर्यंत त्यांची फेरी असते. तेव्हा तक्रार पायपिटीबद्दल नाही, लिहिण्याबद्दल आहे.

कोणत्याही दोन रविवारचे लेख घ्या आणि त्यातल्या हॉटेलांच्या नावांची अदलाबदल करा. काहीच बिघडत नाही. ‘जिभेवर रेंगाळणारी चव’, ‘अस्सल गावरान तडका’, ‘घरगुती वातावरण’ ही वाक्यं दोन्हीकडं तशीच बसतात. निम्मा लेख मालकाच्या कष्टात संपतो, उरलेला विशेषणांत. मटण तर दर वेळी ‘तोंडात विरघळतं’. (विरघळणारं मटण म्हणजे जास्त शिजून सुतं सुटलेलं मटण. नीट शिजलेली फोड हाडापासून सहज सुटते, पण दाताला लागते.)

तांबड्या रश्श्याचंच बघा. वाटीत लाल तवंग दिसला की लेखात ‘झणझणीत’ येतंच. पण रंग आणि तिखटपणा वेगवेगळ्या मिरच्यांतून येतात. ब्याडगीनं रश्श्याला रंग चढतो, तिखट बेताचंच लागतं. जाळ येतो तो संकेश्वरी नाहीतर लवंगी मिरचीनं. त्यामुळं लालभडक रस्सा सौम्य असू शकतो आणि विटकरी रंगाचा रस्सा घाम काढतो. वाचकाला हे सांगितलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तिथं न्यायचं की नाही हे तरी ठरवता येईल.

तवंगाचंही तसंच. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, तर तेच तेल रश्श्यावर येतं आणि खालच्या रश्श्यालाही रंग-वास असतो. घाईत वाटण कच्चं राहिलं तर तेल सुटत नाही, कांद्याचा उग्र दर्प राहतो. मग वेगळ्या पातेल्यात लाल करून ठेवलेलं तेल वाढताना वरून सोडतात. हे ओळखणं अवघड नाही. चमच्यानं तवंग बाजूला सारायचा आणि खालचा रस्सा नुसता प्यायचा. खाली पाणीच लागलं तर तसं लिहायचं. अशी दोन वाक्यं आली असती, तर दहा वेळा ‘अप्रतिम’ लिहावं लागलं नसतं.

पांढऱ्या रश्श्यावर मात्र लेखकांनी उघड अन्याय केला. ‘फिका’ म्हणून त्याचा एक तारा कापला! त्यात लाल तिखट नसतंच. तो जोखायचा मटणाच्या अळणी पाण्यावर, आलं-लसणावर, मिरी आणि हिरव्या मिरचीवर. काजू-खसखस-तिळाचं वाटण बारीक आहे की जिभेला रवाळ लागतं, हे बघायचं. नारळाचं दूध शेवटी घालून मंद आचेवर नुसतं गरम करायचं असतं. नंतर खळखळून उकळी आली की रस्सा फाटतो, वर तेलकट थेंब आणि खाली चोथा दिसतो. काही ठिकाणी दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर लावतात. असा रस्सा पाच-दहा मिनिटं वाटीत राहिला की वर साय धरतो आणि खिरीसारखा चमच्याला चिकटतो. एवढं सगळं त्या वाटीत दिसत असताना लेखात आला एकच शब्द, ‘फिका’.

भाकरीला सदरात ‘गरमागरम’ एवढंच विशेषण मिळतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून उकळतं पाणी घालून तळहातानं मळावं लागतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटून राहण्याचा गुण) जाते आणि थापताना कडा फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरून लावलेलं पाणी वाळण्याआधी उलटली नाही, तरी तडे जातात. आधीच करून ठेवलेली भाकरी पुन्हा शेकून दिली की गरम लागते, पण तिचा पापुद्रा कातड्यासारखा ओढावा लागतो. म्हणजे ‘गरम’ हा शब्द इथं चांगलाच फसवा आहे. भाकरी मोडल्यावर वाफ आली का, पापुद्रा सुटा झाला का, हे लिहावं. आपल्या जिल्ह्यात जत-कवठेमहांकाळच्या बाजूला ज्वारी पिकत असताना ताटातली भाकरी एका शब्दात उरकणं पटत नाही.

वेळेचा मुद्दाही असाच राहून जातो. अख्खा मसूर सकाळी शिजलेला असेल तर दुपारी तीनपर्यंत घट्ट होतो. मग त्यात गरम पाणी ओततात, मसाला-मीठ पुन्हा लावतातच असं नाही. दाणा अख्खा, बोटानं दाबल्यावर मऊ आणि भोवतीचा रस किंचित दाट, हे साडेबारालाच मिळतं. लेखक कुठल्या वारी, किती वाजता गेले हे कळल्याशिवाय त्यांच्या ताऱ्यांना अर्थ नाही.

१९५७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे खाद्यसंपादक झालेल्या क्रेग क्लेबॉर्न यांनी पुढं हॉटेल-परीक्षणाची शिस्त घालून दिली. नाव न सांगता जायचं, एकाहून जास्त वेळा जेवायचं आणि बिल वर्तमानपत्रानं भरायचं. एवढं लांबही जायला नको. कुंडलला जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांनी १९७०च्या ‘रुचिरा’त वाटी-चमच्याची मापं दिली, म्हणून ते पुस्तक नवख्या हातालाही उपयोगी पडलं. हॉटेलवर लिहिताना तीच वाटी घेऊन बसायला काय हरकत आहे? ताटात मटणाच्या फोडी किती, त्यात हाडं किती, रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर पैसे पडतात का, भाकरीऐवजी चपाती घेतली तर दर बदलतो का. घरातून निघताना माणूस हेच विचारतो.

लेखकांना हे जमत नाही असंही नाही. भडंगावरचा त्यांचा लेख आठवा. चुरमुरे आधी नीट तापवून कुरकुरीत केले नव्हते आणि भडंग गरम असतानाच पिशवीत भरलं, म्हणून आतल्या वाफेनं ते सादळलं, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. लसूण सोनेरी होता की करपलेला, हेही होतं. (तिखट घालण्याआधी कढई खाली उतरवली नाही की तेही करपतं आणि भडंग काळपट, कडवट होतं. तेवढं राहिलं.) त्या लेखात ‘लाजवाब’ एकदाही नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा ‘खवय्यांची पंढरी’ सुरू.

जागा कमी पडत असेल तर मालकाच्या संघर्षाचा परिच्छेद कापावा आणि लेखाखाली लहानशी चौकट द्यावी. वार आणि वेळ, किती वेळा गेलो, काय मागवलं, दर, बिल कुणी भरलं. फोटो वरून न काढता तवंग बाजूला सारून काढावा. आणि ज्या पांढऱ्या रश्श्याचा एक तारा कापला, तिथं लेखकांनी दुपारी साडेबाराला पुन्हा एकदा जाऊन यावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली