काका, त्या प्लेट्स तुम्ही टाकू दिल्या नाहीत

ती. काका,
सा. न.

गेल्या महिन्यात माझा व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाला. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी तुम्हाला ‘प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी’ एवढ्यात उरकलं. तेव्हापासून टोचतंय, म्हणून हे पत्र चारचौघांत.

आठवतं? जखमेवर लावायच्या जाळीची माझी पहिलीच बॅच निर्जंतुक करायला मी ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्राला, लावली. 121 अंशांवर! जाळीचं प्लॅस्टिक, पॉलिकॅप्रोलॅक्टोन, 60 च्या आसपासच वितळतं. आठवडाभर कातलेल्या धाग्यांचा मेणासारखा गोळा बाहेर आला. तुम्ही हसला नाहीत. ‘मॅडम, सत्तर टक्के अल्कोहोल आणि यूव्ही,’ एवढंच म्हणालात. (सव्वीस वर्षांच्या मुलीला मॅडम! सवय झाली शेवटी.)

मग तो रडवणारा महिना. पेशी कशालाच चिकटेनात. जाळीला नाही, कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, नुसत्या प्लेटलाही नाही. गोल होऊन तरंगत राहायच्या. मी पेशींच्या खाद्यातलं सीरम बदललं, पेशी सुट्या करणाऱ्या ट्रिप्सिनची वेळ बदलली, इन्क्युबेटरवर संशय घेतला. तुम्ही कचऱ्यातलं प्लेटचं पाकीट काढून वाचलंत: ‘ह्या ट्रीट केलेल्या नाहीत.’ म्हणजे पेशी चिकटाव्यात म्हणून पृष्ठभागावर करतात ती प्रक्रिया नव्हती. स्वस्त दिसल्या म्हणून मीच मागवलेल्या. पेशी प्लॅस्टिकला थेट धरत नाहीत. सीरममधली फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिनं आधी पृष्ठभागावर बसतात आणि पेशी त्यांना धरतात. पाण्याला दूर लोटणाऱ्या साध्या पॉलिस्टायरीनवर, म्हणजे प्लेटच्या प्लॅस्टिकवर, ती धड बसत नाहीत. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं, पाकीट मात्र वाचलं नव्हतं.

उरलेला खोका मी टाकायला निघाले, तेव्हा तुम्ही अडवलंत. ‘जाळीखाली ह्याच वापरा. चांगल्या प्लेटमध्ये पेशी जाळीवरून घसरून तळाशी वाढतील आणि जिवंत पेशी मोजायच्या एमटीटी चाचणीचा जांभळा रंग तुम्ही जाळीच्या नावावर लिहाल.’

तसं केल्यावर पेशींचे आकडे घसरले, आणि मला तुमचा थोडा रागही आला. जाळीवर पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहत होता. ती सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून पाणी धरेल अशी करण्यात चार महिने गेले. पण नंतर दिसलेल्या पेशी जाळीवरच्याच होत्या.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं: पेशी जाळीवरच वाढल्या, तळाशी नाही, कशावरून? मी प्लेटचं सांगितलं. ते म्हणाले, छान विचार केलात. मी ‘थँक यू सर’ म्हणून गप्प बसले. तुमचं नाव तिथे घ्यायला हवं होतं.

प्रबंधाची एक प्रत तुमच्या घरी पाठवतेय. तिसऱ्या प्रकरणात खूण ठेवली आहे.

तुमची,
मॅडम